बेसबॉलमधले ट्रेड आणि जनरल मॅनेजर

मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या बेसबॉल स्पर्धेत, आज मैदानात कोण उतरणार हे मॅनेजर ठरवतो, पण मुळात टीममध्ये कोण असणार हे जनरल मॅनेजर म्हणजे जीएम ठरवतो (हल्ली बऱ्याच क्लबांत त्याच्याही वर एक प्रेसिडेंट असतो). कोवळी पोरं घेऊन वाढवणं, फ्री एजंटला, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूला, पैसे मोजणं आणि ट्रेड, म्हणजे आपला खेळाडू देऊन दुसऱ्याचा घेणं, हे त्याचे मुख्य रस्ते. ट्रेड करताना खेळाडूला सहसा कोणी विचारत नाही. करारात तशी अट असेल, किंवा मेजर लीगमध्ये १० वर्षं आणि त्यातली शेवटची ५ त्याच टीमकडे झाली असतील, तरच तो नाही म्हणू शकतो.

टोरोंटो ब्लू जेजचा जीएम पॅट गिलिक हे याचं सगळ्यात भारी उदाहरण. त्याची टीम १९८५ आणि १९८९ मध्ये डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकून पुढे हरलेली, आणि तो ट्रेड करायला इतका नाखूश की लोक त्याला ‘स्टँड पॅट’ (इंग्रजीत ‘आहे तेच धरून बसणं’) म्हणायचे. त्याच गिलिकने डिसेंबर १९९० मध्ये फ्रेड मॅकग्रिफ आणि टोनी फर्नांडेझ हे दोन मोठे खेळाडू सॅन डिएगोला देऊन रॉबर्टो अलोमार आणि जो कार्टर घेतले, म्हणजे हातातलं चांगलं देऊन चांगलंच घेतलं, आणि याला खरी हिंमत लागते कारण फसलं तर लोक आयुष्यभर विसरत नाहीत. १९९२ आणि १९९३, लागोपाठ दोन वर्ल्ड सिरीज (दोन लीगच्या विजेत्यांमधली फायनल) टोरोंटोच्या, आणि दुसरी तर कार्टरच्या शेवटच्या होमरननेच (क्रिकेटमधल्या सिक्ससारखा फटका) जिंकली. पण मॅकग्रिफनेही १९९२ मध्ये नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त होमरन मारले, म्हणजे सॅन डिएगोला काही कचरा दिला नव्हता. चांगल्या ट्रेडमध्ये समोरचा बुडालाच पाहिजे असं अजिबात नाही.

जुलैअखेरची ट्रेडची डेडलाईन जवळ आली की सौदा बहुतेक वेळेचा होतो, ज्याला आत्ता जिंकायचंय तो उद्याचा पोरगा देतो. १९८७ मध्ये डेट्रॉईटने ऑगस्टमध्ये (तेव्हा डेडलाईननंतरही काही ट्रेड चालायचे) डॉइल अलेक्झांडर हा पिचर घेतला, तो ९ मॅच जिंकला आणि एकही हरला नाही, डिव्हिजन मिळाली, पण बदल्यात दिलेला जॉन स्मोल्ट्झ अटलांटात जाऊन पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान खेळाडूंच्या यादीत, पोचला. वर्ल्ड सिरीज मिळाली असती तर हा भाव कोणालाच महाग वाटला नसता.

उलट बॉस्टनचा जीएम थिओ एपस्टाईनने ३१ जुलै २००४ ला टीमचा लाडका शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) नोमार गार्सियापाराच चार टीमच्या ट्रेडमध्ये देऊन टाकला, कारण फिल्डिंग सुधारायची होती, आणि ऑर्लांडो काब्रेरा, डग मेंटकेविच आणले. त्याच दिवशी आणखी एका छोट्या ट्रेडमध्ये डेव्ह रॉबर्ट्स आला, जो फक्त जोरात पळायचा म्हणून घेतलेला, आणि लीग फायनलमध्ये यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे असताना चौथ्या मॅचच्या नवव्या इनिंगमध्ये त्याने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटका नसताना पळून गाठला, तिथून सगळं फिरलं, बॉस्टन लागोपाठ ८ मॅच जिंकून ८६ वर्षांनी चॅम्पियन झालं.

२०२१ मध्ये अटलांटाचा रोनाल्ड अकुन्या गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला तेव्हा त्यांच्या जीएम अॅलेक्स अँथोपोलोसने जुलैमध्येच पीडरसन, डुवाल, रोसारिओ, सोलेर असे चार आउटफिल्डर (लांबवर उभे राहणारे फिल्डर) गोळा केले, आणि त्यासाठी फार्ममधली (खालच्या लीगमध्ये वाढणाऱ्या पोरांमधली) मोठी नावं अजिबात दिली नाहीत. अटलांटा चॅम्पियन झालं, रोसारिओ लीग फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि सोलेर वर्ल्ड सिरीजचा.