तंत्रिका नलिका दोष
गर्भाचा मेंदू व मेरुरज्जू ज्या नलिकेपासून घडतात ती पूर्ण न मिटल्याने उद्भवणाऱ्या जन्मजात व्यंगांचा गट. नलिकेचे डोक्याकडील टोक गर्भधारणेनंतर सुमारे २५व्या, तर खालचे सुमारे २८व्या दिवशी मिटते. वरचे टोक उघडे राहिल्यास अमस्तिष्कता (मेंदू व कवटीचा बराचसा भाग न घडणे) येते व अर्भक जगत नाही; खालचे राहिल्यास स्पायना बायफिडा (दुभंगलेला कणा). ‘स्पायना बायफिडा’ ही संज्ञा डच वैद्य निकोलास टुल्प यांनी १६४१च्या सुमारास रूढ केली, असे सामान्यतः मानतात.

उत्पत्तीविषयी दोन मते आहेत. साठलेल्या द्रवाच्या दाबाने मिटलेली नलिका पुन्हा फाटते, हे मत अठराव्या शतकातील इटालियन शरीररचनातज्ज्ञ मोर्गान्यी यांच्यापर्यंत मागे नेतात. विसाव्या शतकात अमेरिकन मेंदूशल्यविशारद गार्डनर यांनी त्याचा पुन्हा पुरस्कार केला. नलिका मुळात मिटतच नाही, असे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फोन रेकलिंगहाउझेन यांनी १८८६ मध्ये मांडले. भ्रूणविज्ञानातील पुरावा बव्हंशी या दुसऱ्या मताकडे झुकतो. नलिका किती ठिकाणांपासून मिटू लागते, हाही वादाचा विषय आहे. उंदरातील निरीक्षणांच्या आधारे १९९३ मध्ये माणसात अशी पाच स्थाने सुचवली गेली. मानवी भ्रूणांच्या नंतरच्या अभ्यासांत मात्र दोन किंवा तीनच आढळली, आणि तेच अधिक ग्राह्य वाटते.

आनुवंशिकता, मातेचा आधीपासूनचा मधुमेह व व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचे औषध यांचा या दोषांशी संबंध आहे. परंतु टाळता येण्याजोगे मुख्य कारण म्हणजे फोलेट या ब-गटातील जीवनसत्त्वाची उणीव. फोलेटच्या शोधाचा एक धागा मुंबईचा आहे: गिरणी कामगार गरोदर स्त्रियांतील पंडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे इंग्रज वैद्य ल्यूसी विल्स यांनी १९२८ नंतरच्या काही वर्षांत तेथे दाखवले. पुढे १९९१च्या ब्रिटिश चाचणीत रोज ४ मिग्रॅ. फॉलिक अॅसिडने (फोलेटचे कृत्रिम रूप) आधी असे अपत्य झालेल्या मातांत दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली.

गरोदरपणाची नोंद होईपर्यंत नलिकेचे भवितव्य ठरून गेलेले असते. आरोग्य केंद्रात नोंदणीनंतर मिळणारी गोळी या दोषापुरती उशिराच पोचते. ४०० मायक्रोग्रॅमची मात्रा गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी सुरू व्हायला हवी. गोव्याच्या जेवणातील तांबडी भाजी (लाल माठ) व अळसांदे (चवळीचा प्रकार) यांत फोलेट असते, पण शिजवताना बरेचसे नष्ट होते. नुसत्या गव्हाच्या पिठात फॉलिक अॅसिड घालणेही शीतकडीवर (भात-कालवणावर) जेवणाऱ्या घरांना पुरे पडणार नाही.

व्यंग बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत कळते. गंभीर व्यंग असल्यास २०२१च्या कायदादुरुस्तीनुसार वैद्यकीय मंडळाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो.

स्पायना बायफिडामुळे पाठीवर उघडी पिशवी घेऊन जन्मलेल्या बाळाला उताणे निजवू नये. पालथे किंवा कुशीवर ठेवून पिशवीवर सलाइनने भिजवलेले निर्जंतुक गॉझ व त्यावर स्वच्छ प्लॅस्टिक घालतात. गॉझ सुकू देत नाहीत. लॅटेक्सचे हातमोजे टाळतात, कारण या मुलांना त्याची अॅलर्जी सहज जडते. गोव्यातील काणकोण वा सत्तरी तालुक्यांतून बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) नेतानाही हीच काळजी घ्यावी लागते. पिशवी साधारणपणे पहिल्या दोन-तीन दिवसांत शस्त्रक्रियेने बंद करतात. डोक्याचा घेर रोज मोजतात. तो वेगाने वाढल्यास मेंदूतील द्रव पोटात उतरवणारी शंट नळी बसवतात. मूत्राशय आपोआप नीट रिकामे होत नसल्याने पुढे ते ठरावीक वेळी नळीने रिकामे करणे आईवडिलांना शिकवतात. त्यावर मूत्रपिंडे टिकणे अवलंबून असते. पुढच्या अपत्यात दोषाची शक्यता सुमारे २ ते ३ टक्के असल्याने अशा मातेला फॉलिक अॅसिडची मोठी मात्रा, व्यवहारात ५ मिग्रॅ.ची गोळी, गर्भधारणेपूर्वीच देतात.