पार्श्वभूमी : उपयोजित चित्रकार स्वतःच्या कामाविषयी बोलू लागले, त्याची पूर्वपीठिका

मुंबई-पुण्यातील उपयोजित चित्रकार, म्हणजे ग्राफिक डिझायनर, आज आपली प्रेरणास्थाने, कच्ची रेखाटने, ग्राहकाने नाकारलेले पर्याय आणि मोबदल्याच्या कटकटी कार्यशाळांतून, महाविद्यालयांतील व्याख्यानांतून आणि समाजमाध्यमांवरून मोकळेपणाने मांडतात. ही मोकळीक फार जुनी नाही. छपाईचा व्यवसाय मुंबईत रुजल्यानंतर कितीतरी दशके चित्रे, अक्षरे आणि मांडणी घराघरांत पोहोचत होती; ती घडवणारा माणूस मात्र बहुधा पडद्याआड असे, आणि त्याने आपल्या कामाविषयी काही सांगावे अशी अपेक्षाही कोणी करत नसे.

देवनागरी खिळ्यांचेच, म्हणजे छपाईसाठी धातूत ओतलेल्या अक्षरांचेच, उदाहरण घ्यावे. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये अक्षरओतशाळा आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. तेथील खिळ्यांना जो घाट लाभला त्यामागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. निर्णयसागरच्या संस्कृत पोथ्या-ग्रंथांनी देशभरातील वाचकांच्या मनात सुबक देवनागरी कशी असावी याची कल्पनाच पक्की केली, परंतु ग्रंथाच्या शीर्षकपृष्ठावर नाव येई ते छापखान्याचे. आरूंचे नाव मुद्रणाच्या इतिहासात रस असलेल्या मोजक्या लोकांपुरतेच उरले.

ही शांतता मोडणाऱ्या आरंभीच्या मराठी लेखनात महादेव विश्वनाथ धुरंधरांच्या आठवणी मोडतात. कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून आले, पुढे तेथेच शिक्षक झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंगांचे चित्रकार ही त्यांची ख्याती असली, तरी पोस्टकार्डे आणि पुस्तकांतील चित्रे अशी मागणीनुसार करायची कामेही त्यांनी विपुल केली होती. त्यामुळे या लेखनात शाळेतला दिनक्रम आणि हाती आलेली कामे यांना प्रेरणेइतकीच जागा आहे. माझ्या मते तेच त्याचे खरे मोल आहे.

चित्रकाराच्या सहीला सर्वसामान्य वाचकाच्या घरात मान मिळवून दिला तो दिवाळी अंकांनी. ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये निघाला आणि त्यानंतर हा प्रकार इतका फोफावला, की मुखपृष्ठ कोणाचे यावरून अंक उचलला जाऊ लागला. मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि अस्नोड्याचे रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) हे दोन्ही गोमंतकीय चित्रकार या काळाचे मानकरी. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला, तर मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ काढला; म्हणजे चित्रकार स्वतःच संपादक झाला आणि कोणते चित्र कोठे, किती मोठे छापायचे याचा निर्णय त्याच्या हाती आला. तरीही चित्रामागची भूमिका लिहून काढण्याची रीत तेव्हा नव्हती. सही हाच परिचय होता.

दरम्यान जे. जे. स्कूलमध्ये १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग उघडला आणि १९६१ मध्ये त्यातून उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली. येथून बाहेर पडणारी मुले जाहिरात संस्थांत जात, आणि तेथे तर सहीचाही प्रश्न नव्हता, कारण जाहिरात ही मालकाच्या मालाची असते. मुंबईतल्या कलावंतांनी १९४८ मध्ये स्वतःची संघटना काढली आणि वर्षभरातील उत्तम कामांची प्रदर्शने भरवायला सुरुवात केली; तेथे निदान व्यवसायबंधूंना तरी कोणते काम कोणाचे हे कळू लागले.

कामाच्या तपशिलाला सर्वांत स्पष्ट वाचा फुटली ती अक्षरांच्या क्षेत्रात, आणि ती कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्यामुळे. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली आणि ती सांभाळून ‘रायगडाला जेव्हा जाग येते’, ‘मत्स्यगंधा’ यांसारख्या असंख्य नाटकांची शीर्षके रेखाटली. नाटकाची जाहिरात वर्तमानपत्रात रकान्याच्या मापाने विकत घ्यावी लागते आणि निर्मात्याची पुंजी बेताची असते, त्यामुळे शीर्षकाला मिळणारी जागा चिंचोळी असे. त्यात देवनागरीची अडचण अशी, की वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असा तीन मजल्यांचा पसारा सांभाळताना मधल्या अक्षराला उंची फार कमी उरते. शिवाय वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते, म्हणून नाजूक रेषा भरून जातात आणि बारीक पोकळ्या बुजतात. या बंधनांतच शीर्षकाने नाटकाची जात सांगायची, म्हणजे ऐतिहासिक नाटकाचा भारदस्तपणा आणि फार्सचा खट्याळपणा केवळ अक्षराच्या वळणातून उभा करायचा, हे शेडग्यांचे काम होते. ‘माझी अक्षरगाथा’सारख्या पुस्तकांतून त्यांनी हे काम आणि त्यामागचा विचार वाचकांसमोर ठेवला. शिरोरेषा मोडायची की ताणायची हा प्रश्न तोवर कलाविभागाच्या टेबलावरच सुटत असे. मराठी वाचकाला त्यातही रस असू शकतो, हे त्यामुळे दिसून आले.

रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे सर्वांचे र. कृ., यांची वाट निराळी होती. जे. जे.मधून शिकून ते जाहिरात व्यवसायात गेले, ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक होते आणि त्याच काळात लघुनियतकालिकांच्या, म्हणजे प्रस्थापितांबाहेरच्या छोट्या वाङ्मयीन अंकांच्या, चळवळीत कवी म्हणूनही वावरत होते. कवितेतले अक्षर वाचण्याबरोबर पाहण्याचीही गोष्ट आहे, हा त्यांचा आग्रह होता. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले होते, र. कृ. पुढे तेथे शिकवू लागले आणि आपली प्रेरणा कोठून आली हे सांगण्याला त्यांनी अध्यापनाचेच रूप दिले. शिलालेख, हस्तलिखिते, बोरूचा काप, हाताची गती हे सारे वर्गात आले. विंडोज २००० बरोबर जगभर पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. छापील पानावर तो विसविशीत दिसतो ही तक्रार रास्त आहे, परंतु तो घडवला गेला संगणकाच्या पडद्यासाठी, आणि त्या काळच्या पडद्यांवर मोजक्या ठिपक्यांतून जोडाक्षर ओळखू यावे ही अटच फार जाचक होती.

र. कृं.च्या प्रभावळीतून आलेल्या अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून तिची लय सुलेखनात आणली आणि प्रेक्षकांसमोर अक्षर घडवण्याची प्रात्यक्षिके गावोगावी केली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सुलेखनकाराला व्यासपीठावर बोलावून त्याच्या हाताकडे पाहत राहणे हा आता मराठी सांस्कृतिक कार्यक्रमांचा रुळलेला भाग आहे. र. कृं.चे निधन झाले त्याच वर्षी, २००८ मध्ये, पवईच्या केंद्राच्या पुढाकाराने ‘टायपोग्राफी डे’ ही वार्षिक परिषद सुरू झाली आणि भारतीय लिप्यांवर काम करणाऱ्यांना आपले काम सांगण्याचे हक्काचे ठिकाण मिळाले.

मधल्या काळात संगणक आला. पुण्यात सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान विकसित केले, ‘श्रीलिपी’ या भारतीय लिप्यांच्या सॉफ्टवेअरने छापखान्यांत मुक्काम ठोकला, आणि रबर सोल्युशनने चिकटवलेले आर्टवर्क घेऊन ब्लॉकमेकरकडे, म्हणजे छपाईचे ठसे बनवणाऱ्याकडे, धावण्याचे दिवस संपले. डिझायनर सुटा काम करू लागला. त्याला ग्राहक मिळायचा तर आपले काम आपणच दाखवले पाहिजे, ही निकड येथून निर्माण झाली, आणि आजच्या मोकळेपणात हौशीइतकाच तिचाही वाटा आहे. काळ्या शाईतून झरझर उमटणारे अक्षर पाहायला हजारो लोक मिळतात. त्याच अक्षराचे किती वेळा बदल करावे लागले, बिल केव्हा चुकते झाले आणि निवड होण्याआधी किती संकल्पना फुकट द्याव्या लागल्या, हे सांगणारे लेखन मराठीत अजून तुरळक आहे, आणि नव्याने या व्यवसायात येणाऱ्या मुलाला गरज आहे ती नेमकी त्याचीच.