एकाहत्तर अंशांची फ्रेम आणि तिच्यामागचा इतिहास

जुन्या माउंटन बाइकचा स्टेम (हँडलबारला फोर्कशी जोडणारा तुकडा) आखूड करावा, हँडलबार रुंद बसवावा, पुढे थोडा लांब फोर्क (पुढचं चाक धरणारा दुफाटा) घालावा, असं मनात येतं तेव्हा समोरची फ्रेम बहुधा १९९०च्या दशकातल्या विचारांवर बेतलेली असते. हेड अँगल, म्हणजे फोर्क ज्या हेड ट्यूबमध्ये बसतो त्या नळीचा जमिनीशी कोन, ७१ अंश; सीट अँगल, म्हणजे सीटखालच्या नळीचा कोन, ७३. कित्येक वर्षं जवळपास प्रत्येक कारखाना याच दोन आकड्यांवर फ्रेम जोडत होता. हे आकडे डोंगरउतारावर सायकल चालवून कुणी शोधून काढले असतील असं वाटतं, पण घडलं नेमकं उलटं. उतारावरच्या सायकली आधी यापेक्षा सैल, म्हणजे कमी अंशांच्या, कोनाच्या होत्या. त्या ताठ झाल्या नंतर.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत झाली. तिथली मुलं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या श्विन एक्सेलसियर सायकली अडगळीतून बाहेर काढायची. जाड बलून टायर, एकच गिअर आणि पेडल उलटं दाबल्यावर लागणारा कोस्टर ब्रेक. फेअरफॅक्सजवळच्या मातीच्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ला त्यांची पहिली शर्यत झाली. जेमतेम साडेतीन किलोमीटरच्या वाटेत ४०० मीटर उतार. खाली पोहोचेपर्यंत हबमधल्या ग्रीसचा धूर झालेला असायचा आणि ग्रीस पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नावच पडलं ‘रीपॅक’. मग मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर आले, ड्रम ब्रेक आले, गिअर बदलणारे डिरेलर आले. माउंटन बाइक जन्माला आली तीच मुळी फेरफार केलेली सायकल म्हणून.

या एक्सेलसियरचा हेड अँगल ६८ अंशांच्या आसपास होता. उतारासाठी तो कुणी आखला नव्हता. खराब रस्त्यावर निवांत, सरळ चालावी एवढ्यासाठी ती सायकल तशी होती. पण उतारावर तिचा तोच स्वभाव कामी आला. जो ब्रीझने १९७७मध्ये या कामासाठी क्रोमोली पोलादाच्या नळ्यांची नवी फ्रेम बनवली, तेव्हा त्याने जुन्या एक्सेलसियरचीच ठेवण समोर ठेवली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. हाताशी असलेली चांगली चूल मोडायची नाही, एवढं त्याला कळलं होतं.

पुढच्या काही वर्षांत चित्र पालटलं. १९७९मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन धंदा सुरू केला, १९८१मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर बाजारात आली आणि शर्यतींना नियमावली मिळाली. शर्यत जिंकायची तर चढ जिंकावा लागे. फ्रेम बांधणाऱ्यांचा हात रोडबाइकवर बसलेला होता, त्यामुळे कोन हळूहळू तिकडेच झुकले. अमेरिकेतल्या शर्यतींच्या संघटनेवरून ७१/७३ला ‘नॉर्बा भूमिती’ म्हणू लागले. वरची नळी आखूड, म्हणून स्टेम १३० ते १५० मिलिमीटर लांब, आणि हँडलबार ५६० ते ५८०च्या घरात. आज हा थाट विचित्र दिसतो, पण त्यात त्या काळाचं तर्कशास्त्र होतं. लांब स्टेममुळे चढावर पुढचं चाक जमिनीला चिकटून राही, आणि आखूड फ्रेमवर अंग पसरायला तेवढी एकच जागा होती.

त्याची किंमत उतारावर मोजावी लागे. हे समजून घ्यायला ‘ट्रेल’ हे माप पाहावं लागतं. इथे ट्रेल म्हणजे पायवाट नव्हे. हेड ट्यूबची रेषा खाली वाढवली की ती जमिनीला जिथे टेकते आणि टायर जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधलं हे अंतर. चाक या रेषेच्या मागे ओढलं जातं, म्हणून ते आपोआप सरळ होतं. २९ इंची चाक, ७१ अंश आणि ४५ मिलिमीटर ऑफसेट (चाकाचा आस या रेषेच्या जितका पुढे असतो ते अंतर) असेल तर ट्रेल साधारण ८० मिलिमीटर येतो. तोच फोर्क ६५ अंशांवर ठेवला तर १२० मिलिमीटरच्या वर जातो. आता चाक दगडावर आदळलं की टायरचा टेकण्याचा बिंदू क्षणभर पुढे आणि वर सरकतो, म्हणजे ट्रेल घटतो. त्यातच ब्रेक लावला की फोर्क दबून कोन आणखी ताठ होतो. मुळातच कमी असलेला ट्रेल अशा वेळी संपतो आणि हँडल हातातून वळतं. शिवाय ताठ कोनामुळे पुढचं चाक पायांच्या जवळ असतं, त्यामुळे स्वार त्यावरून पुढे फेकला जाणं सोपं होतं.

१९९०च्या सुमारास रॉकशॉक्सचा आरएस-१ हा धक्के शोषणारा सस्पेन्शन फोर्क आला. त्याचा ट्रॅव्हल, म्हणजे दबण्याची लांबी, पाच सेंटिमीटरही नव्हती, पण हात आणि मनगटं वाचली. नंतरच्या फ्रेम फोर्कच्या वाढलेल्या उंचीला जुळवून बनू लागल्या, आणि जुळवताना ७१ अंश मात्र जपले गेले! सस्पेन्शनमुळे वेग वाढला, कोन तिथेच राहिला. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात महागडी सवय ही होती.

ती मोडायला सुरुवात झाली लांबीपासून. फिशरने १९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘जेनेसिस’ भूमितीत वरची नळी लांबवून स्टेम आखूड केला. स्पेनच्या मोंड्रेकरने २०१२मध्ये हीच दिशा इतकी ताणली की स्टेम उरला १० मिलिमीटरचा. ब्रिटनमध्ये सस्पेन्शन जुळवून देणारा ख्रिस पोर्टर त्याच्याही पुढे गेला आणि फ्रेम बनवणाऱ्या निकोलाई कंपनीसोबतच्या त्याच्या सायकलींचे हेड अँगल ६२-६३ अंशांपर्यंत उतरले. सैल कोनाने चाक पुढे जातं, मग सपाट वळणावर त्याच्यावर भार कमी पडतो आणि चढावर ते भटकतं. म्हणून रीच (पेडलच्या आसापासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर) वाढला, सीट अँगल ७६ अंशांच्या पुढे ताठ झाला, हँडलबार रुंदावला. यातला एकच बदल उचलला तर बाकीचे रुसतात.

उतारावर सीट खाली करण्याची गरज मात्र पहिल्यापासून होती. १९८४मध्येच ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी ‘हाइट राइट’ नावाची स्प्रिंग बनवली होती, क्लिप सैल केली की सीट परत वर येई. आजचा ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवतानाच लिव्हर दाबून वर-खाली करता येणारा सीटचा दांडा, तिचा वारसदार. पेडलजवळ दोन-तीन दातेरी चकत्यांऐवजी एकच चकती आली तसा डाव्या हाताचा शिफ्टर गेला आणि त्या जागी ड्रॉपरचा लिव्हर बसला.

हा सगळा वारसा जुन्या फ्रेमवर काम करताना हाताला लागतो. फोर्क १० मिलिमीटर लांब घेतला की हेड अँगल साधारण अर्धा अंश सैल होतो, पण बॉटम ब्रॅकेटही (पेडलचा आस बसतो तो भाग) वर जातो, सीट अँगलही मागे झुकतो आणि हेड ट्यूबवरचा ताण वाढतो. कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नये ते याचसाठी. अँगल हेडसेट (हेड ट्यूबमध्ये फोर्क तिरका बसवणारं बेअरिंग) फ्रेमला हात न लावता एखाद-दीड अंश देतो, मात्र तो हेड ट्यूबच्या आतल्या मापाला बसला पाहिजे. स्टेम १२० वरून ५० केला तर हँडल चटकन ऐकतं, पण हात सात सेंटिमीटर मागे येतात आणि गुडघे हँडलजवळ पोहोचतात, कारण ती फ्रेम लांब स्टेम गृहीत धरूनच आखडलेली होती. रुंद हँडलबारने हात फाकतात, तेव्हा अंग थोडं पुढे ओढलं जातं आणि यातलं काही भरून निघतं. सगळं नाही. रीच जोडणीतच ठरलेला असतो. म्हणून आखूड स्टेमवर मन बसलेले लोक त्याच काळातली एक माप मोठी फ्रेम शोधतात आणि आधी टेप लावून पाहतात की तिच्या उंच सीट ट्यूबमध्ये ड्रॉपर पुरेसा खाली उतरतो की नाही.