घरगुती उपकरणांची सुगम्यता

मिक्सर, शेगडी, वॉशिंग मशिन, मायक्रोवेव्ह अशी रोजची उपकरणे दिव्यांग व्यक्तीला कोणाला हाक न मारता वापरता येणे, म्हणजे त्यांची सुगम्यता.

मिक्सरचा नॉब शून्यावरून एक, दोन, तीनवर जाताना प्रत्येक टप्पा बोटांना कळतो. गॅस बंद झाला हे नॉब अडल्यावर समजते, कुकर शिट्टी देतो. ही रचना मुद्दाम अंधांसाठी केलेली नव्हती, तरी तिच्या आधारावर कितीतरी दृष्टिहीन बायका-पुरुष स्वयंपाकघर एकहाती सांभाळत आले.

सपाट काचेच्या टच पॅनलने हा आधार काढून घेतला. इंडक्शन शेगडीवर बटण कुठे आहे ते चाचपायला जावे, तर चाचपणारे बोटच ते दाबून बसते. ब्रेलची पातळ पट्टी चिकटवूनही उपयोग होत नाही, कारण पट्टीवरून फिरणारा स्पर्शही पॅनलला कळतो. म्हणून जाणते वापरणारे टिकली किंवा एम-सीलचा ठिपका बटणावर लावत नाहीत, बटणाच्या शेजारी लावतात. ठिपका सापडला की बोट उचलून नेमके बाजूला टेकवायचे. पुढे बीप मोजत आच वाढवायची. मात्र उपकरण दर वेळी एकाच आचेवर सुरू होत असेल, तरच हा हिशेब जुळतो. इतकी कसरत घरातल्या माणसाला रोज करायला लावणे हा रचनेचा दोष आहे, त्या माणसाचा नव्हे.

मोबाइल ॲपवर चालणारी उपकरणे हा एक मार्ग आहे. पण ॲपमधल्या बटणांना नावे दिलेली नसतील, तर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर नुसते ‘बटण, बटण’ म्हणत राहतो.

एकाची सोय दुसऱ्याची अडचण ठरते. सेमी-ऑटोमॅटिक मशिनचा टायमर अंध व्यक्तीला सोपा जातो, पण ओले जड कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकणे संधिवाताच्या हातांना झेपत नाही. बहिऱ्या व्यक्तीला बीपच्या जोडीला दिवा हवा. व्हीलचेअरवर बसून वरून उघडणाऱ्या मशिनच्या तळाशी हात पोहोचत नाही. तिथे समोरून उघडणारे मशिन बरे पडते.

उपाय अवघड नाहीत. ग्राहकोपयोगी वस्तूंवरील उठावदार ठिपके आणि रेघा यांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे 24503 हे मानक 2011 मध्ये, तर ध्वनिसंकेतांसाठी 24500 हे त्याआधी 2010 मध्ये आले. भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 43 सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंच्या विकासाला, उत्पादनाला व वितरणाला चालना देण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. उत्पादकावर थेट सक्ती ते करत नाही. 28 जून 2025 पासून लागू झालेल्या युरोपीय सुगम्यता कायद्यात संगणक, स्मार्टफोन, एटीएम आहेत. शेगडी आणि वॉशिंग मशिन त्यातही नाहीत.