टाइमस्टॅम्प आणि तारखा: स्क्रिप्टिंग भाषांतील हाताळणी

टाइमस्टॅम्प म्हणजे ठरलेल्या आरंभक्षणापासून उलटलेला काळ सांगणारी संख्या. युनिक्स परंपरेत हा क्षण १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार. नाशिकच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. पायथन आणि पीएचपी ही संख्या सेकंदांत देतात, जावास्क्रिप्ट मिलिसेकंदांत. एकीकडचे सेकंद दुसरीकडे तसेच दिले की आजची तारीख जानेवारी १९७० मध्ये जाऊन पडते. जावास्क्रिप्टमध्ये महिनेही शून्यापासून मोजतात, म्हणजे ऑक्टोबर ९.

आरंभापासून मोजण्याची ही रीत द्राक्षबागायतदाराला नवी नाही. निफाड-दिंडोरीकडे बागेचे वय ऑक्टोबर छाटणीपासूनच्या दिवसांत सांगतात, 'प्लॉट पंचेचाळीस दिवसांचा झाला'. फवारण्याही त्याच हिशेबाने चालतात. अशा नोंदींची स्क्रिप्ट लिहिताना घोटाळा होतो तो तारखेलाही टाइमस्टॅम्प मानल्याने. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने १५ ऑक्टोबरची मध्यरात्र यूटीसीत १४ ऑक्टोबर, १८:३० होते. जावास्क्रिप्टचे 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' वेळ यूटीसीत लिहून देते; त्यातून नुसती तारीख कापून घेतली, की छाटणी आदल्या दिवशी झालेली दिसते. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले हे निर्यातीच्या मालात काटेकोर पाहतात. तिथे एक दिवस किरकोळ नाही.

छाटणी हा क्षण नव्हे, दिवस आहे. तो पायथनच्या 'डेट' प्रकारात ठेवावा आणि दोन तारखा वजा करून दिवस काढावेत. कंटेनर शीतगृहातून कधी निघाला, हा मात्र खरा क्षण: तो यूटीसीत साठवून दाखवताना 'एशिया/कोलकाता' या वेळक्षेत्रात बदलावा. पायथन ३.९ पासून त्यासाठी 'झोनइन्फो' हे मॉड्यूल सोबतच मिळते. जुन्या 'पायटीझेड' लायब्ररीचे हे वेळक्षेत्र थेट 'डेटटाइम'ला, म्हणजे तारीख-वेळेच्या नोंदीला, जोडले, तर फरक साडेपाच तासांऐवजी ५ तास ५३ मिनिटे येतो. ती कोलकात्याची प्रमाणवेळेआधीची स्थानिक वेळ. चूक इतकी विचित्र दिसते की निदान लगेच पकडता येते.

दिवसाचे ८६,४०० सेकंद धरून पुढची तारीख काढणे भारतात खपून जाते, कारण इथे उन्हाळी वेळ नाही. नाशिकची द्राक्षे जिथे उतरतात त्या नेदरलँड्समध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी, ऐन हंगामात, घड्याळ तासभर पुढे जाते आणि भारताशी असलेले साडेचार तासांचे अंतर साडेतीनवर येते. म्हणून तिथल्या पोहोचवेळा ठरावीक तास वजा करून काढू नयेत.