सामाजिक विषमता : समाजशास्त्रीय दृष्टिकोन आणि नाशिक

सामाजिक विषमता म्हणजे संपत्ती, मान, सत्ता आणि संधी यांची समाजातील असमान वाटणी, आणि ती पिढ्यानपिढ्या टिकवून धरणारी व्यवस्था. दोन माणसांच्या मिळकतीत अंतर असले तर ती नुसती तफावत झाली. हे अंतर जन्मावरून ठरू लागले आणि वारशाने मुलांकडे जाऊ लागले, की समाजशास्त्रात त्याचा विचार स्तरीकरण म्हणून होतो.

कार्ल मार्क्सने विषमतेचे मूळ जमीन, कारखाने अशा उत्पादनसाधनांच्या मालकीत पाहिले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने त्याला पुरवणी जोडली : वर्ग, प्रतिष्ठा आणि सत्ता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच हातात असतील असे नाही. हा भेद समजून घ्यायला नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार पुरेसे आहे. 2 मार्च 1930 रोजी येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, आणि स्थानिक पातळीवर लढा चालवणारे प्रमुख कार्यकर्ते दादासाहेब गायकवाड. बाबासाहेबांकडे कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या होत्या, बॅरिस्टरी होती. तरीही दार बंदच राहिले. त्याच वर्षी रामनवमीला रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडफेक झाली. शिक्षण आणि व्यवसायाने मिळवलेले स्थान जन्माने लादलेल्या दर्जापुढे चालले नाही. पुढे याच जिल्ह्यात, येवल्याला, 13 ऑक्टोबर 1935 रोजी त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

भारतीय समाजासाठी सर्वांत नेमके साधन बाबासाहेबांच्याच लेखनात सापडते. जात ही श्रमांची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी 1936 मध्ये मांडले. त्यांची ‘श्रेणीबद्ध विषमता’ ही संकल्पना याहून खोल जाते. उतरंडीत वरचे आणि खालचे असे दोनच थर नसतात. जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असते. त्यामुळे तक्रार सगळ्यांची असली तरी ती एक होत नाही. ती एक का होत नाही, या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर पाश्चात्त्य सिद्धांतांत मिळत नाही.

कार्यवादी मांडणी, म्हणजे प्रत्येक व्यवस्था समाजाची काही ना काही गरज भागवते असे मानणारी, उलट दिशेने जाते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिस आणि मूर यांच्या मते (1945) महत्त्वाच्या कामांकडे लायक माणसे वळावीत म्हणून समाज जास्त मोबदला देतो. मेल्विन ट्युमिन यांनी 1953 मध्ये आक्षेप घेतला की विषमतेमुळे मुळात लायकी कुणात आहे हेच कळत नाही. हा वाद द्राक्षबागेत उभे राहून पाहावा. सुरगाणा-पेठच्या डोंगरात भात-नागलीचे पीक निघाले की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे उतरतात. टोळी एकरावर उक्ते काम घेते. विरळणीत घडातला कोणता मणी ठेवायचा आणि कोणता काढायचा हे बोटांना कळावे लागते. डिपिंगमध्ये एकेक घड द्रावणात बुडवताना हात दिवसभर डोक्याच्या वर राहतात. निर्यातीच्या द्राक्षाचा आकार या हातांवर अवलंबून असतो. काम महत्त्वाचे, कसबही लागते, आणि मोबदला मात्र मजुरीचाच. दुसरीकडे बागाईतदारही सुखी असतोच असे नाही : कर्ज त्याच्या नावावर, भाव व्यापाऱ्याच्या हाती.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ ही कल्पना दिली. घरातून मिळालेली भाषा, वागण्याची रीत, पुस्तकांची सवय यांना शाळा गुणवत्ता समजते. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलून आश्रमशाळेत शिकलेली मुलगी नाशिकच्या कॉलेजात आली, की तिचे उच्चार तिच्याआधी तिची ओळख करून देतात. अविद्येपासून वित्तहानीपर्यंतची साखळी महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये एकोणिसाव्या शतकातच उलगडली होती, याची आठवण बोर्द्यू शिकवताना क्वचितच केली जाते.

स्त्रीवादी अभ्यासकांनी जात, वर्ग आणि लिंगभाव एकत्र पाहण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्रात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिका मांडली. जमिनीच्या प्रश्नातही हा धागा दिसतो. 6 मार्च 2018 रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च सुमारे 180 किलोमीटर चालून 12 मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोचला. त्यात आदिवासींची संख्या मोठी होती, स्त्रियाही मोठ्या प्रमाणावर होत्या. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीतून चालून पार केला गेला. मुख्य मागण्यांपैकी एक होती 2006 च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी. या कायद्याने मिळणारा वनपट्टा, म्हणजे वनजमिनीचा हक्क, विवाहित कुटुंबात पती आणि पत्नी या दोघांच्या नावे नोंदवावा लागतो.