बँकेच्या संस्थापकांची कागदपत्रं अभिलेखागाराला देताना

सहकारी बँकांवर आपलं जुनं दप्तर ठरावीक मुदतीपर्यंतच जपण्याचं बंधन आहे. १९८५ च्या नियमांनुसार काही कागदांसाठी ही मुदत पाच वर्षं, तर काहींसाठी आठ वर्षं आहे. त्यापुढे बँक ते नष्ट करू शकते. म्हणून संस्थापकांच्या घरची पत्रं, रोजनिशा आणि भाषणांची टिपणं हाच पुष्कळदा त्या काळाचा एकमेव पुरावा उरतो. तो रद्दीत जाऊ देऊ नका.

राष्ट्रीय अभिलेखागाराला ऐतिहासिक महत्त्वाचे खासगी कागद देणगी म्हणून घेता येतात. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मध्ये तशी तरतूद आहे. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयातही असे संग्रह आहेत. मुंबईचे कापूस व्यापारी आणि रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाचे सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांचा पत्रव्यवहार तिथेच आहे आणि अभ्यासक आजही तो वापरतात. राज्य पुराभिलेख संचालनालय किंवा पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांनाही आधी पत्र पाठवून विचारावं.

देणगी कायदेशीर मालकानेच द्यायची. मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत जोडा. नसेल तर मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची लेखी संमती हवी. एका भावाने परस्पर दिलेला संग्रह पुढे वादात अडकतो. सोबत ओळखपत्र, देणगीपत्र आणि यादी. यादीत गठ्ठ्यागणिक विषय, साल आणि अंदाजे पानं लिहा. कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रम मोडू नका. कोणत्या पत्रासोबत कोणता हिशेब होता, हे त्यावरूनच कळतं. जंगम वस्तूंची देणगी प्रत्यक्ष ताबा देऊन पूर्ण होते, नोंदणी सक्तीची नाही. तरी अटी लेखी असाव्यात: कोणता भाग किती वर्षं बंद ठेवायचा, प्रती कोणाला द्यायच्या. पत्रांचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट सहसा लिहिणाऱ्याचा असतो, हेही ध्यानात ठेवा.

संचालक मंडळाच्या इतिवृत्ताची वही घरी सापडली तर ती बँकेची मालमत्ता आहे, आधी तिथे कळवा. खातेदारांच्या कर्जाचे कागद वेगळे काढा. त्या घरांची अब्रू त्यात आहे.

७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे दस्त आणि शंभरी गाठलेल्या इतर कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात मोडतात. त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत, परदेशातल्या विद्यापीठाने मागितल्या तरीही. आठवण म्हणून ठेवलेल्या, २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा मोजून घ्या. २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा बाळगता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस आहे.

संग्रह सोपवताना यादीच्या दोन प्रती करा. एकीवर संस्थेच्या सही-शिक्क्याची पोच घेऊन ती घरी ठेवा.